गोल, फुली आणि डावे वळण

धावत्या मोटारीचा जमिनीशी संबंध असतो तो चार तळहातांएवढा. चाक केवढेही मोठे दिसो, टायर रस्त्याला टेकतो तो तेवढ्याच जागेत. बाकीचा सगळा आपली पाळी येईपर्यंत हवेतच फिरत असतो. मागच्या सीटवर झोपलेले मूल, डिकीत कोंबलेले सामान, निघताना अर्धवट राहिलेले भांडण, हे सगळे त्या चार तळहातांवर भार टाकून वळणे घेत जाते आणि आत बसलेल्यांना त्याचा पत्ताही नसतो.

ताईला हे प्रमुखांनी दाखवले होते. टायरच्या चाचणी-मैदानावर ती गाडी चालवण्याच्या कामाला लागली, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका टायरला काळी शाई फासली, जॅकवरची गाडी पांढऱ्या पुठ्ठ्यावर अलगद उतरवली आणि पुन्हा उचलली. पुठ्ठ्यावर खाचांचा, रेघांचा एक ठसा उमटला होता. त्यावर हात ठेवायला त्यांनी सांगितले. तिने ठेवला, तर बोटांच्या टोकांशी थोडीशीच नक्षी उरली. एवढ्याशा जागेवर माणसे जीव टाकून निर्धास्त गाणी ऐकत जातात, या विचाराने तिच्या पोटात कुठेतरी देवळात शिरल्यासारखी शांतता पसरली होती. पुढे वर्षे गेली, शेकडो टायर तिच्या हाताखालून गेले, पण ती शांतता काही विटली नाही.

तिचे काम सांगायला सोपे होते. दोन टायर द्यायचे, आणि ताईने गाडी चालवून सांगायचे की कोणता कसा आहे. शर्यतीचे टायर नव्हेत, बर्फातलेही नव्हेत; शाळा, कचेरी, बाजार, आणि सुटीत एखादा लांबचा प्रवास करणाऱ्या साध्या घरगुती गाडीचे उन्हाळी टूरिंग टायर. ओल्या रस्त्यावर थांबतो किती लवकर, खडबडीत रस्त्यावर आवाज किती करतो, वळणावर स्टिअरिंगचे म्हणणे किती चटकन ऐकतो. मोजमापाला यंत्रे होती. पण यंत्राला घाबरता येत नाही, निर्धास्तही होता येत नाही, आणि गाडी घेणारा माणूस तर या दोन गोष्टींसाठीच टायर घेतो, असे प्रमुखांचे म्हणणे. म्हणून यंत्राच्या आकड्यांशेजारी ताईचे मत लागायचे.

आणि गेल्या वर्षी ताईचा कान बिघडला.

एका सकाळी ती गॅसपाशी उभी होती आणि स्वयंपाकघर डावीकडे फिरू लागले. ओटा, खिडकी, खिडकीतला उजेड, सगळे एखाद्या संथ भोवऱ्यासारखे डावीकडे ओघळत निघाले. तिने दाराची चौकट धरली आणि नवऱ्याला हाक मारली. डॉक्टर म्हणाले, डाव्या कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो तो सुजला आहे. कित्येक महिने तिला मान वळवायची धास्ती वाटे. मग हळूहळू घर जागच्या जागी थांबायला शिकले. पण त्या दिवसांपासून नवरा रस्त्याने चालताना न बोलता तिच्या डाव्या बाजूला यायचा. कान बरा झाल्याचा कागद डॉक्टरांनी दिला, तरी त्याने ती बाजू सोडली नव्हती. आणि ते पाहून ताईला माया वाटायची तितकीच चीडही यायची.

कागद पाहून प्रमुख म्हणाले होते की डॉक्टरच्या कागदावरचा कान बरा आहे हे मला पटले, आता तुमचा पाहू. बोलणे थट्टेचे होते, अर्थ मात्र थट्टेचा नव्हता. दोन टायरची एक तुलना ताईने पूर्ण करायची. तिचे म्हणणे टिकले तर गाडी पुन्हा तिची. नाही टिकले तर अहवालांच्या खोलीत खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. तिथे बसून दुसऱ्याने चालवलेल्या गाडीबद्दल नीटनेटकी वाक्ये लिहायची. त्या खुर्चीचा विचार जरी मनात आला, तरी ताईला आपण जिवंतपणीच भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसल्यासारखे वाटे.

मैदानावर एक कडक रिवाज होता. कोणता टायर कोणत्या कंपनीचा हे कुणालाच कळता कामा नये. कोठाराची चावी जिच्याकडे होती ती बाई टायरवरची नावे काळ्या पट्टीने झाकायची आणि खडूने खूण करायची. एका संचाला गोल, दुसऱ्याला फुली. तिला सगळे कुलूप म्हणत, कारण तिच्या तोंडून आजवर एकही नाव निसटले नव्हते. तिच्या मुलीचे लग्न ठरल्याचेसुद्धा लोकांना लग्नानंतर कळले, असे म्हणत. कुलूपकडून टायर घेऊन ते चाकावर चढवायचा तो ताईचा धाकटा दीर. त्याने कुलूपला टायरबद्दल काही विचारायचे नाही, कुलूपने त्याला काही सांगायचे नाही, आणि टायर चढत असताना ताईने तिकडे पाहायचेसुद्धा नाही. कामाच्या वेळी तिघे एकमेकांशी हवापाणी आणि घरगुती गोष्टींशिवाय बोलत नसत.

त्या सकाळी दिराने गाडी बाहेर आणली आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

“वहिनी, दादाने सकाळी मला तीन वेळा फोन केला. सीटबेल्ट लावायला सांग म्हणे. जणू काही तू पहिल्यांदाच गाडीत बसतेयस.”

“आणि तू काय म्हणालास?”

“म्हटलं, बांधूनच ठेवतो.”

ती हसली आणि तिने किल्ली फिरवली.

सकाळी तिने गोल चालवला. रस्त्याच्या ओल्या पट्टीवर ब्रेक दाबताच गाडीने असा काही पाय रोवला की तिच्या छातीला पट्टा कचकन लागला. उत्तम. खडबडीत रस्त्यावर मात्र तो कुरकुरला, दूरच्या खोलीत कुणीतरी फर्निचर सरकवत असल्यासारखा. वळणावर आज्ञाधारक, थोडासा ताठ. ताईच्या अंगात हळूहळू जुने काहीतरी परत येऊ लागले. तिच्या कमरेला, तळव्यांना, मानेच्या मागच्या बाजूला रस्ता पुन्हा वाचता येत होता. प्रत्येक खडा, पाण्याचा प्रत्येक पातळ पापुद्रा रबरातून, लोखंडातून, सीटमधून वर येऊन तिला आपले नाव सांगून जात होता.

मग दिराने चाके बदलली आणि तिने फुली चालवला.

खडबडीत रस्त्यावर तो इतका शांत गेला की तिने आवाज ऐकण्यासाठी श्वास धरला. ओल्या पट्टीवर गोलपेक्षा किंचित उशिरा थांबला, पण थांबताना गाडी जराही भांबावली नाही. उजवे वळण आले. स्टिअरिंग वळवले आणि गाडी तत्क्षणी वळली, मनातले ओळखणाऱ्या मैत्रिणीसारखी. मग लांबलचक डावे वळण आले.

तिने स्टिअरिंग डावीकडे वळवले आणि मधे काहीतरी राहिले.

पापणी लवायला लागतो त्याहूनही लहान असा तो क्षण होता. हात वळले होते, गाडी अजून वळायची होती, आणि त्या फटीत ताई एकटी होती. मग गाडी वळली, नीट वळली. तिने पुन्हा फेरी मारली. उजवीकडे काही नाही. डावीकडे तीच फट. पुन्हा. पुन्हा तीच.

टायर वाटोळा असतो. त्याला डावे-उजवे कळत नाही. डावे-उजवे कळते ते माणसाला, आणि तिचा बिघडलेला कान डावा होता. बरे झालेले घर पुन्हा डावीकडे ओघळू लागले होते, फक्त या वेळी इतक्या सावकाश, की स्वयंपाकघरात उभे राहून ते जाणवलेही नसते.

तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवून बसून राहिली. यंत्राच्या पडद्यावर वळणांचा आकडा आला होता. डाव्या आणि उजव्या वळणांची यंत्र सरासरी काढायचे. फुली गोलपेक्षा एक केसभर मागे, एवढेच त्याचे म्हणणे. ती तेवढेच लिहू शकत होती. वळणावर किंचित सुस्त, असे लिहिले असते तर यंत्राने मान डोलावली असती, प्रमुखांनी सही केली असती, आणि गाडी तिची झाली असती. तिच्या कानातली ती फट फक्त तिच्याच मालकीची राहिली असती.

पण मग तिला त्या मागच्या सीटवर झोपलेल्या मुलाची आठवण आली, जे कुणाचेच नव्हते आणि सगळ्यांचे होते. ती जे लिहील ते वाचून कुणीतरी टायर घेणार होते. तिच्या कानाचा दोष टायरच्या माथी मारला, तर एका चांगल्या टायरवर अन्याय होता. टायरचा दोष स्वतःच्या कानाच्या माथी मारून ती गप्प बसली, तर त्याहून वाईट. आणि खरे कोणते हे तिला ठाऊक नव्हते. हे न कळणेच सगळ्यात भयंकर होते. आपलेच शरीर समोर साक्षीला उभे आहे आणि ते खरे बोलते की खोटे हे आपल्याला सांगता येत नाही.

ती चालत प्रमुखांच्या खोलीत गेली.

प्रमुख खिडकीशी उभे राहून चष्मा पुसत होते. तिने बसायला नकार दिला.

“फुली डाव्या वळणावर उशिरा वळतो,” ती म्हणाली. “उजव्या वळणावर नाही. फक्त डाव्या. आणि माझा कान कोणता बिघडला होता ते तुम्हाला माहीत आहे.”

प्रमुखांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ते काही समजुतीचे बोलले असते तर ती तिथेच रडली असती. ते बोलले ते कामाचे.

“यंत्राला असं काही दिसत नाही.”

“मला ठाऊक आहे.”

“न सांगतासुद्धा चाललं असतं.”

“नसतं चाललं, सर.”

त्यांनी टेबलावर बोटे वाजवली. मग ते म्हणाले की दोष चाकात असेल तर तो चाकाबरोबर जागा बदलेल, आणि ताईत असेल तर ताईबरोबर बसून राहील. डावीकडची चाके उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे लावून पाहू. किंवा लावणार नाही. शटर बंद करून तुमच्या दिराला आत काय सांगायचे ते मी सांगेन; चाके बदलली की जशीच्या तशी पुन्हा कसली, हे तुम्ही चालवून आल्यावर मला सांगा.

ताईने मान हलवली. यातली निर्दय सचोटी तिला कळली आणि त्याबद्दल तिला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावेसे वाटले.

शटर खाली आले. ती बाहेर उन्हात उभी राहिली. आतून जॅकची धाप ऐकू येत होती, पान्याचा आवाज येत होता, पण चाके बदलली तरी तेच आवाज आणि नाही बदलली तरी तेच. प्रमुखांनी तेवढी काळजी नक्कीच घेतली असणार. कोठाराच्या दारात कुलूप उभी होती. रिवाजाप्रमाणे ती आभाळाकडे पाहून म्हणाली की आज वारा पडलाय. ताई म्हणाली, हो, पडलाय. एवढ्या दोन वाक्यांत त्या एकमेकींना जितके सांगू शकत होत्या तितके सांगून झाले.

शटर वर गेले. दिराने तिच्या नजरेला नजर दिली नाही. चेष्टा करायची त्याची खोडही त्याने आतच ठेवून दिली होती.

ती निघाली. मैदानाचा रस्ता रिकामा होता. इतकी वर्षे तिने हातांवर विश्वास ठेवला होता. आज हातांना काही सांगायचे नाही, फक्त ऐकायचे, असे तिने ठरवले. पहिले आले ते डावे वळण. तिने स्टिअरिंग वळवले.

गाडी वळली. फट नव्हती.

तिचा विश्वास बसेना. भीती कधी कधी इतकी दमते की झोपी जाते. हे तसलेच काही असेल. रस्ता सरळ झाला, पुढे वाकला, आणि उजवे वळण समोर उलगडले. तिने स्टिअरिंग उजवीकडे नेले.

आणि मधे काहीतरी राहिले. तोच क्षण, तीच पापणीहून लहान फट, पण आता उजवीकडे. हात वळले होते, गाडी अजून वळायची होती. ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीचा नव्हे. एखाद्या प्रचंड घंटेला मुंगीचा पाय लागावा आणि ती घंटा वाजावी, तसे तिला झाले. रबराच्या एका काठाचा थोडासा मऊपणा, धातू, स्प्रिंगा आणि गादी ओलांडून, तिच्या हाडांमधून, वाटाण्याएवढ्या त्या कानातल्या पाण्यापर्यंत पोचला होता. आणि त्या पाण्याने, ज्याला ती वर्षभर दगाबाज म्हणत आली होती, ते जसेच्या तसे तिच्या हवाली केले होते. काही न वाढवता, काही न लपवता.

ती फेऱ्या मारत राहिली. डावे, उजवे, डावे, उजवे. दर वेळी तेच. शेवटी गाडी शटरसमोर आणून तिने काच खाली केली. प्रमुख पुढे आले.

“बदलली आहेत,” ती म्हणाली. “उजवीकडची डावीकडे गेलीत. दोष त्यांच्यातच आहे, त्या दोन चाकांत.”

प्रमुखांनी दिराकडे पाहिले. दिराने आता कुठे तोंड उघडले. “बदललीच आहेत,” तो म्हणाला, आणि मग हळूच, “वहिनी, आता दादाला फोन तू कर.”

पण त्या चाकांत होते काय? कुलूपला बोलावले. रिवाज मोडायचा म्हणून ती चारदा कुरकुरली, मग नखाने पट्टीचे टोक उचलले आणि ओढली. पट्टीखाली कंपनीचे नाव निघाले. आणि नावाखाली, बारीक अक्षरांत, आतली बाजू अशी सूचना. ती पाहून कुलूपचा चेहरा उतरला.

मग एकेक करून कळत गेले. काही टायर दोन्ही बाजूंनी सारखे असतात. गोल तसा होता. काहींचा एक काठ जाणूनबुजून टणक केलेला असतो, वळणावर गाडीचा भार त्याच्यावर यावा म्हणून, आणि तो काठ बाहेरच राहिला पाहिजे. फुली तसा होता. नेहमीची अरुंद पट्टी संपल्यामुळे कुलूपने नवी रुंद पट्टी वापरली होती. नाव झाकताना ती सूचनाही झाकली गेली. त्यात कुलूपला टायर तोंडाला तोंड लावून रचायची सवय, घासून खराब होऊ नयेत म्हणून. एकाची बाहेरची बाजू वर, तर दुसऱ्याची खाली. दिराने वरून जसे हाताला आले तसे एकेक घेऊन, वरची बाजू बाहेर ठेवून चढवले. नक्षी दोन्हीकडून सारखीच दिसत होती, आणि विचारायची तर मनाई. पहिला डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसरा डावीकडे, चौथा उजवीकडे. उजवीकडचे दोन्ही उलटे बसले होते. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर येतो, आणि तिथे टणक काठाऐवजी मऊ काठ उभा होता.

कुणी कुणाला काही सांगायचे नाही या नियमाने आपले काम इतके चोख केले होते, की टायरलासुद्धा आपली बाजू सांगता आली नव्हती.

कुलूप म्हणाली की उद्यापासून मी राजीनामाच देते. दिराने म्हटले, द्या, पण कुणाला कळणार कसे, तुम्ही सांगाल थोड्याच. ती त्याच्यावर हात उगारून धावली आणि मग दोघेही हसू लागली, सुटका झालेल्या माणसांसारखी. प्रमुख मात्र हसले नाहीत. ते गुडघ्यावर बसून त्या उलट्या टायरच्या काठावरून बोट फिरवत होते, पुन्हा पुन्हा, एखाद्या अनोळखी लिपीवरून फिरवावे तसे.

“मला इथे काही लागत नाही,” ते म्हणाले. “बोटाखाली ठेवूनही लागत नाही. आणि तुम्हाला ते सीटवर बसून लागलं.”

“मला नाही,” ताई म्हणाली. “कानाला.”

त्यांनी वर पाहिले. “उद्यापासून गाडी तुमची. आणि आजचंही अजून संपलेलं नाही. फुली सरळ बसवा रे. तुलना अर्धीच झालीय.”

दिराने चारही टायर बाहेरची बाजू बाहेर ठेवून चढवले. आता कुलूप शेजारी उभी राहून प्रत्येकावर बोट ठेवत होती. ताई पुन्हा निघाली. ऊन कलले होते, रस्त्यावर शिंपडलेल्या पाण्यावर त्याची तांबूस साय धरली होती. ओल्या पट्टीवर फुली अजूनही गोलनंतरच थांबला. ते तिने तसेच लिहायचे ठरवले. ज्याच्या वाटेवर पाऊस फार, त्याने गोल घ्यावा. खडबडीत रस्त्यावर फुलीची शांतता अभंग होती. रोजच्या येण्याजाण्याला, दमून घरी परतणाऱ्या माणसाला फुली.

मग डावे वळण आले. तिने हात वळवले आणि गाडी वळली, हातांच्या सोबत, हातांच्या आतूनच जणू. काही राहिले नाही. काही जाणवले नाही. खिडकीबाहेर गवत, कुंपण, आभाळ हे सगळे फिरू लागले, प्रचंड, संथ, एका रेषेत. आणि या खेपेला ते खरोखरच फिरत होते, कारण तीच त्यांना फिरवत होती. खाली चार ठिकाणी रबर जमिनीला टेकत होते आणि लगेच तिला सोडून देत होते. ताईने वेग थोडा वाढवला आणि ते वळण संपूच नये असे वाटून स्टिअरिंग तसेच धरून ठेवले.